कोशाचा रंग फोटोत मरतोय – कॅमेरा, फोन की माझंच काही चुकतंय?

टसरवाली (महाल, नागपूर)

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते.

मोहाडी-आंधळगावकडच्या दोन-तीन विणकरांकडून करवतकाठी (करवतीसारख्या दातेरी काठाच्या) साड्या आणून मी घरूनच विकते. दुकान वगैरे नाही. महालातलं जुनं घर, मागचं आवार आणि व्हॉट्सअ‍ॅपचा एक ग्रुप, एवढाच पसारा. कोसा, म्हणजे टसर रेशीम, ज्यांनी हातात घेतलाय त्यांना माहीत असेल, बिनरंगवलेल्या कोशाचा रंग एका शब्दात पकडता येत नाही. मधासारखा म्हणावं तर तेवढा लालसर नाही, बदामी म्हणावं तर तेवढा कोरडा नाही. उजेडाकडे तिरका धरला की आतून सोनेरी झाक मारतो. गिऱ्हाईक पैसे त्या झाकेचेच देतं.

मागच्या आठवड्यात पुण्याच्या एका ताईंनी साडी परत पाठवली. त्यांचा निरोप जसाच्या तसा: "फोटोत सिमेंटसारखा रंग होता म्हणून ऑफिसला नेसायला घेतली. ही तर हळदीकुंकवाची निघाली." परतीचं कुरिअर माझ्या खिशातून गेलं. त्याच आठवड्यात अमरावतीच्या एका मावशींचं नेमकं उलटं: "फोटोत केशरी होती, हातात फिकी आली."

फोटो एकच. एकीला सिमेंट, दुसरीला केशर. आता मी कोणाचं ऐकू?

माझी पद्धत अशी: दिराचा जुना डीएसएलआर. दुपारी आवारात दोरीवर साडी टाकून फोटो काढते. ऊन लागू नये म्हणून वर हिरवी नेट बांधलेली आहे. फोटो कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर छान, लॅपटॉपवरही छान. मग फोनवर घेते, एका फुकटच्या अ‍ॅपमधून लहान करून किंमत लिहिते आणि ग्रुपवर टाकते. तिथे पोचेपर्यंत तो मेलेला असतो. तीन मूळ फाइली खाली जोडल्यात. कोणी सांगेल का, नेमका कुठे मरतो?

सावजीप्रेमी

काऊन इतकं डोकं लावून राहिल्या ताई? तो डीएसएलआर दिराले वापस द्या न फोननं काढा. माह्या फोनवर तर रस्स्याचा फोटोबी असा येते का ताटाऐवजी फोनच चाटावा वाटते.

रॉ_फाइल

सावजीभाऊ, तीच तर अडचण आहे. फोन फोटो काढतो आणि न विचारता सजवूनही देतो. आभाळ निळं करतो, चेहरा उजळतो, जेवण लाल करतो. सजावट जेवणाला चालते. जिथे रंगच विकायचा आहे तिथे सजवलेला फोटो म्हणजे परत येणारं पार्सल.

ताई, तुमच्या तिन्ही फाइली पाहिल्या. पहिला गुन्हेगार तुमच्या डोक्यावरच आहे: हिरवी नेट. आपल्याकडे एप्रिल लागला की सिग्नलवरसुद्धा ती नेट ताणतात, त्यामुळे डोळ्याला तिची इतकी सवय होते की तिच्याखालचा उजेड हिरवा असतो हे जाणवतच नाही. आपला मेंदू ते वजा करून टाकतो. कॅमेऱ्याला मेंदू नाही. दुसऱ्या फोटोत पदराच्या घडीत बघा, सावली सरळ शेवाळी आहे. शिवाय मागची भिंत पिस्ता रंगाची. तिच्यावरून परतणारा उजेडही साडीवरच पडतोय.

त्यात कॅमेऱ्याचं व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाची भरपाई करणारी सेटिंग, ऑटोवर. ऑटो म्हणजे अंदाज. ढोबळ सांगायचं तर चौकटीतले सगळे रंग मिळून राखाडीच्या आसपास येत असतील असं तो धरून चालतो. तुम्ही चौकटभर साडी घेता, म्हणजे चौकटभर फिका तपकिरी-पिवळा. कॅमेऱ्याला वाटतं, उजेडच पिवळा आहे. तो इमानेइतबारे पिवळा काढून टाकतो आणि निळा घालतो. झालं तुमचं सिमेंट.

पांढरी किंवा रंगीबेरंगी साडी असती तर एवढं झालं नसतं. बिनरंगवलेला कोसा हा ऑटो व्हाइट बॅलन्ससाठी खोदून ठेवलेला खड्डा आहे.

तर्रीपोहे

ईडा पीडा रोगराई, ऑटो व्हाइट बॅलन्स घेऊन जा गे मारबत!

(अवांतर: मागच्या वेळी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीच्या (ईडापीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांच्या) मिरवणुकीत काढलेल्या माझ्या फोटोंत पिवळी मारबत लिंबूसरबत दिसत होती आणि काळ्या मारबतीजवळ नाचणाऱ्या पोरांचे काळे टीशर्ट चॉकलेटी. वेगळा धागा काढू का?)

निवृत्त_छपाईवाला

तर्रीपोहे, वेगळा धागा नको, इथेच सांगतो. काही सिंथेटिक काळे कपडे डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश बराच परत फेकतात. कॅमेऱ्यातली गाळणी तो पुरता अडवत नाही, म्हणून काळ्यावर चॉकलेटी किंवा जांभळट झाक येते. गोकर्णाचं निळं फूल फोटोत जांभळं होतं त्याचंही मूळ याच घराण्यातलं: वर्णपटाच्या लाल टोकाला, जिथे आपला डोळा जवळजवळ आंधळा असतो, तिथलं थोडंफार कॅमेऱ्याला दिसतं. तिथे तुमचा काही दोष नाही.

आता ताईंकडे वळतो. रॉ_फाइल यांचं उजेडाचं निदान बरोबर आहे, पण त्यानं "लॅपटॉपवर छान, ग्रुपवर मेला" याचा उलगडा होत नाही. व्हाइट बॅलन्स चुकलं असतं तर लॅपटॉपवरही चुकलेलंच दिसलं असतं. त्यांना लॅपटॉपवर थोडं चुकलेलं छान वाटतंय आणि ग्रुपवर जास्त चुकलेलं खटकतंय. म्हणजे वाटेत आणखी कोणीतरी हात मारतोय.

ताई, तुमच्या तिन्ही फाइलींची नावं पाहा. तिन्ही अंडरस्कोरने सुरू होतात. ती आडवी रेघ कॅमेऱ्याने उगाच मारलेली नाही. फोटो अ‍ॅडोबी आरजीबी या रंगावकाशात (रंग आकड्यांत मांडायच्या मापात) काढला असेल तर कॅमेरे फाइलच्या नावाच्या अगदी सुरुवातीला ती रेघ घालतात, तसा संकेतच आहे. साध्या एसआरजीबीत काढलेल्या फोटोला पहिलं अक्षर मिळतं, रेघ मिळत नाही. कॅमेऱ्यात ही सेटिंग मुळात एसआरजीबीवर असते. तुमच्याकडे कोणीतरी बदलली आहे.

टसरवाली

काका, मी अक्षरशः उठून कॅमेरा आणला. मेनूत कलर स्पेसपुढे अ‍ॅडोबी आरजीबीच लिहिलंय! दिराला फोन केला तर म्हणे, "हो, एका वर्कशॉपमध्ये सांगितलं होतं, त्यात जास्त रंग बसतात." मग जास्त रंग बसत असतील तर माझे कमी का झाले?

निवृत्त_छपाईवाला

दीर खोटं बोलत नाहीत, अर्धं बोलतात.

कळमन्याच्या बाजाराचं उदाहरण घ्या. मी तुम्हाला चिठ्ठीवर "८०" लिहून पाठवलं. माझ्या मनात डझनाचा भाव आहे. चिठ्ठीवर "डझन" हा शब्द असेल तर काहीच बिघडत नाही. पण वाटेत कोणी चिठ्ठीचा तेवढा कोपरा फाडला, तर वाचणारा त्याच्या सवयीने किलो समजणार. आकडा तोच, अर्थ गेला.

फोटोतही नुसते आकडे असतात. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन, ० ते २५५. हे आकडे कोणत्या मापात आहेत ते सांगणारा छोटा मजकूर फाइलमध्ये चिकटवलेला असतो, त्याला आयसीसी प्रोफाइल म्हणतात. कॅमेऱ्याच्या जेपेगमध्ये कधीकधी तोही नसतो, नुसती एक खूण असते, मग तर हरवायला आणखीनच सोपं. तुमचा लॅपटॉप ते वाचतो आणि रंग नीट दाखवतो. तुमचं फुकटचं अ‍ॅप फोटो लहान करताना बहुतेक तोच कोपरा फाडतंय. पुढचा प्रत्येक फोन मग ते आकडे एसआरजीबी समजून वाचतो, कारण इंटरनेटवर लेबल नसलेला फोटो एसआरजीबीच धरायचा असा रिवाज आहे. एसआरजीबी हे माप १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टने त्या काळच्या नेहमीच्या डबा मॉनिटरवर बेतलं. ते लहान आहे, पण सगळ्या गावाचं तेच आहे. अ‍ॅडोबी आरजीबी १९९८ चं. ते आमच्या छपाईच्या धंद्यासाठी जास्त सोयीचं, कारण छपाईतले काही निळसर हिरवे एसआरजीबीत मावत नाहीत. ग्रुपवर साडी विकायला त्याचा उपयोग शून्य.

हवेत बोलत नाही, हिशोब देतो. कोशाचा एक ठिपका एसआरजीबीत १९६, १६४, १२० असा आहे असं धरा. हाच रंग, अगदी हाच, अ‍ॅडोबी आरजीबीत लिहिला की साधारण १८६, १६२, १२१ होतो. माप मोठं, म्हणून आकडा लहान. आता लेबल फाटलं आणि फोनने १८६, १६२, १२१ हे एसआरजीबी म्हणून दाखवले: लाल १० ने उतरला, निळा १ ने वाढला. मधाळपणा गेला. तुमच्याकडे राणी रंगाचा काठ असेल तर फटका याहून मोठा. एसआरजीबीतला २००, ०, १०० असा राणी अ‍ॅडोबीत साधारण १७१, ०, ९८ लिहिला जातो. तो एसआरजीबी म्हणून वाचला की लाल जवळपास ३० ने खाली. रंग जितका भडक तितका तो जास्त मरतो.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर कोशाच्या बाबतीत सिमेंट होण्यात याचा वाटा लहान आहे. मोठा वाटा त्या नेटचा आणि ऑटोचा.

गोरेवाडा

काका, काय समजावलंत! किलो-डझन आता जन्मात विसरणार नाही. वाखुसा (वाचनखूण साठवली).

शंका: जुने फोटो वाचवता येतील का? फोटोशॉपमध्ये "असाइन प्रोफाइल" करून एसआरजीबी निवडलं की झालं ना?

निवृत्त_छपाईवाला

नाही! हेच सगळे करतात आणि मग म्हणतात फरक पडला नाही. असाइन म्हणजे चिठ्ठीवरचं "डझन" खोडून "किलो" लिहिणं. आकडा ८० च राहतो. त्या अ‍ॅपने केलं तेच तुम्ही हाताने करताय. तुम्हाला हवं आहे "कन्व्हर्ट टू प्रोफाइल". ते डझनाचा भाव किलोत बदलून आकडा नव्याने मांडतं, मग लेबल फाटलं तरी वाचणारा चुकत नाही.

फुकटात करायचं तर जिम्प आहे. इमेज मेनूत कलर मॅनेजमेंट, त्यात कन्व्हर्ट टू कलर प्रोफाइल, त्यात एसआरजीबी. एक्सपोर्ट करताना प्रोफाइल जपण्याच्या चौकटीत टिक ठेवा. असाइन फक्त तेव्हा वापरायचं, जेव्हा लेबल आधीच फाटलंय आणि मूळ माप कोणतं होतं ते तुम्हाला पक्कं माहीत आहे.

रॉ_फाइल

एक भर. ताई रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढत असत्या तर कॅमेऱ्याच्या त्या सेटिंगने काही बिघडलं नसतं. रॉ फाइलला रंगावकाश नसतंच, ते ठरतं एक्सपोर्ट करताना. सेटिंग लागू होते ती जेपेगला. पण साडीमागे रॉ प्रोसेस करत बसायला ताईंना वेळ नसणार, तेव्हा जेपेगच ठेवा आणि कॅमेरा एसआरजीबीवर आणा. दिराला न विचारता.

मोतिया

माझ्या आयफोनमध्ये तर कलर स्पेस नावाची सेटिंगच सापडत नाहीये. मी पण कानातले-बांगड्या विकते.

निवृत्त_छपाईवाला

नसतेच. २०१६ च्या आयफोन ७ पासून ते डिस्प्ले पी३ नावाच्या, एसआरजीबीहून मोठ्या मापात फोटो काढतात आणि लेबल लावतात. लेबल टिकलं तर ठीक. फाटलं तर तुमचाही तोच आजार, जरा सौम्य. विक्रीचा फोटो एकदा एसआरजीबीत कन्व्हर्ट करून मगच फिरवा.

पुण्याची_माहेरवाशीण

माहेर धंतोली, सासर कोथरूड, त्यामुळे दोन्हीकडून बोलते. परत पाठवणाऱ्या त्या ताई मी नव्हे, हे आधी स्पष्ट करते!

पण गिऱ्हाईक म्हणून सांगते, आम्ही साड्या बघतो त्या रात्री अकरानंतर, पोरं झोपल्यावर, अंथरुणात. त्या वेळी फोनवर तो डोळ्यांना आराम देणारा पिवळा पडदा आपोआप लागलेला असतो. त्यात पांढरा सदरासुद्धा मोतिया दिसतो. अमरावतीच्या मावशींचं केशर तिथूनच आलं असेल. मी स्वतः एकदा लिंबू रंगाचा समजून आंबा रंगाचा कुर्ता घेतलाय.

रॉ_फाइल

पटलं. आणि पिवळा पडदा बंद असला तरी फोनच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये "व्हिव्हिड" असतं, अनेक फोनवर तेच आधीपासून चालू असतं. त्यात स्क्रीनची पूर्ण ताकद वापरून रंग ताणले जातात. एसआरजीबीतला साधा भगवा त्यावर पेटतो. शेजारीच "नॅचरल" असतं, ते एसआरजीबीच्या जवळ राहतं. नावं कंपनीप्रमाणे बदलतात.

ताई, तुमचा स्वतःचा फोन आधी तपासा. तो व्हिव्हिडवर असेल तर फिका फोटो तुम्हाला बरा दिसेल आणि तुम्ही तसाच पाठवाल.

उगाच_एक_शंका

एक मूलभूत प्रश्न विचारू का? प्रत्येकाचा फोन वेगळा, प्रत्येकाचा पिवळा पडदा वेगळा, तर मग एवढा आटापिटा कशाला? "स्क्रीनप्रमाणे रंगात फरक पडू शकतो" अशी ओळ टाका आणि मोकळे व्हा. सगळे मोठे विक्रेते हेच करतात.

निवृत्त_छपाईवाला

ओळ टाकाच. पण दहा जणींच्या फोनमध्ये दहा तऱ्हेच्या चुका असल्या तर त्या विखुरतात, कोणाला जरा पिवळं, कोणाला जरा निळं. तुमच्या फाइलमध्येच चूक असेल तर ती दहाही जणींकडे एकाच दिशेने जाते आणि त्यावर त्यांची आपापली चूक चढते. विखुरलेली चूक सोसते. एकाच दिशेची चूक पार्सलं परत आणते. मी ३१ वर्षं ऑफसेटवर उभा होतो. गिऱ्हाइकाच्या घरातला बल्ब कसा आहे हे मला कधी कळलं नाही, म्हणून मी शाई कशीही सोडली नाही.

उगाच_एक_शंका

ठीक आहे काका. अनुमोदन नाही, पण माघार.

इतवारीकर

आमच्या आजोबांचं इतवारीत कापडाचं दुकान होतं. ते प्रत्येक बाईला सांगायचे, "वहिनी, पाचच मिनिटं बाहेर उजेडात नेऊन पाहा, मग पैसे द्या." आम्हाला वाटायचं हा गोड बोलण्याचा भाग आहे. नंतर कळलं, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ब्लाउजपीस आणि साडी जुळलेले दिसतात आणि उन्हात एक हिरवट, एक लालसर निघतं. दोन वेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली कापडं एका उजेडात सारखी आणि दुसऱ्यात वेगळी दिसू शकतात. आता एलईडी आलेत, त्यातल्या स्वस्त दिव्यांत लाल भाग कमकुवत असतो, त्यामुळे मरून आणि डाळिंबी खास मार खातात. घरात दिव्याखाली काढायचंच असेल तर खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९५ किंवा वर लिहिलेला दिवा घ्या. साधे दिवे ८० च्या आसपास असतात.

आणि खिडकीचा उजेड व दिवा एकत्र कधीच नको. अर्धी साडी निळी, अर्धी पिवळी, कोणतंही व्हाइट बॅलन्स दोन्ही बाजू सांभाळू शकत नाही.

टसरवाली

किती किती शिकले! आता नेमकं काय करू ते सांगा. नेट काढते, पण उन्हात कोसा चमकून पांढराच पडतो. आणि पांढरा कागद धरून व्हाइट बॅलन्स लावतात म्हणे, प्रिंटरचा ए४ कागद चालेल का?

रॉ_फाइल

ए४ नको. तो पांढरा दिसावा म्हणून त्यात चमक आणणारं रसायन असतं. ते अतिनील प्रकाश खाऊन निळा प्रकाश सोडतं, म्हणजे दिवसाउजेडी तो कागद खरा पांढरा नसून निळसर असतो. कॅमेऱ्याने त्यालाच पांढरा मानलं तर भरपाई म्हणून फोटो पिवळट करेल. आत्ता सिमेंट आहे, मग हळद होईल.

१८ टक्के राखाडी कार्ड मिळतं, ते सगळ्यात बरं. तोवर आपला देशी उपाय: नळ दुरुस्तीवाले वापरतात ती पांढरी टेफ्लॉन टेप. जुन्या कार्डावर तिचे १५-२० वेढे घट्ट गुंडाळा, खालचं काही दिसता कामा नये. टेफ्लॉन सगळे रंग जवळपास सारखेच परत फेकतं. सीताबर्डीत हार्डवेअरच्या कोणत्याही दुकानात मिळेल.

मग: सकाळी आठ-नऊची वेळ. ऊन थेट न येणारी, आभाळ दिसणारी जागा, पिस्ता भिंतीपासून दूर. कार्ड साडीच्याच पातळीत, साडीवर पडतोय त्याच उजेडात धरा. त्याचा फोटो काढून कस्टम व्हाइट बॅलन्स त्यावर लावा. फक्त तो फोटो जास्त उजळून फटफटीत होऊ देऊ नका, फटफटीत पांढऱ्यातून कॅमेऱ्याला काही वाचता येत नाही. जागा किंवा वेळ बदलली की पुन्हा. पावसाळ्यातला ढगाळ दिवस मिळाला तर सोनं समजा, वर्षभराचे फोटो त्या चार दिवसांत उरका.

इतवारीकर

फोटो फोनवरच काढणाऱ्यांनी प्रो मोडमध्ये केल्व्हिन (उजेडाच्या रंगाचा आकडा) हाताने लावून ठेवायचा. निदान साडीगणिक रंग उड्या मारत नाही.

टसरवाली

आणखी एक रडगाणं आहे. करवतीचे दात! काठ विणताना तीन धोटे चालतात आणि काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवत नेतात, त्यातून ते करवतीसारखे दाते उभे राहतात. साडीची ओळखच ती. मूळ फोटोत एकेक दात मोजता येतो, ग्रुपवर गेलं की लाल काठ कोशात वितळल्यासारखा दिसतो. हाही रंगाचाच आजार का?

निवृत्त_छपाईवाला

हो, आणि हा मला सगळ्यात आवडतो. जेपेग जागा वाचवण्यासाठी एक चलाखी करतं. आपल्या डोळ्याला उजेड-अंधाराची बारीक रेघ चटकन दिसते, रंगाची तितकी दिसत नाही. म्हणून उजेडाचा आकडा प्रत्येक ठिपक्याला वेगळा ठेवतात, पण रंगाचे आकडे बऱ्याचदा दोन बाय दोन अशा चार ठिपक्यांत मिळून एकदाच ठेवतात. चेहऱ्यात, झाडात कळतही नाही. पण लाल आणि मधाळ यांच्यात उजेडाचा फरक थोडा आणि रंगाचा फरक मोठा, त्यातून दात एक-दोन ठिपक्यांचा उरलेला. चार ठिपक्यांत एकच रंग म्हटल्यावर दात बोथट होणारच. त्यात फोटो आधी लहान होतो, पुन्हा दाबला जातो.

इलाज असा: अख्ख्या साडीचा एक फोटो, आणि काठाचा वेगळा, अगदी जवळून, एक दात करंगळीएवढा दिसेल असा. मग कितीही दाबला तरी दात उरतात. व्हॉट्सअ‍ॅपवर २०२३ पासून एचडीचा पर्याय आहे, तो वापरा. पक्क्या गिऱ्हाइकाला फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तशी पाठवली की ती जशीच्या तशी जाते, लेबलासकट.

पुण्याची_माहेरवाशीण

मला वाटतं सगळ्यात मोठी गोष्ट राहूनच गेली. रंगाचं नाव लिहा ना! "बेज" नको, "ऑफव्हाइट" तर मुळीच नको. आपल्याकडे काय नावं कमी आहेत? आमसुली, अबोली, पारवा, मोरपंखी, चिंतामणी, गुलबक्षी, श्रीखंडी. माझ्या फोनने आमसुली कितीही लाल दाखवला तरी आमसूल मी पाहिलंय. डोकं आपोआप रंग दुरुस्त करून घेतं.

मोतिया

+१. माझा आयडीच पुरावा आहे.

टसरवाली (तीन आठवड्यांनी)

मंडळी, अहवाल देते.

नेट एका बाजूला सरकवली. आवाराच्या उत्तरेकडच्या ओट्यावर, सकाळी साडेआठला. टेफ्लॉनची टेप गुंडाळलेलं जुनं लग्नपत्रिकेचं कार्ड आता कॅमेऱ्याच्या पिशवीतच असतं. सासूबाईंना वाटलं नळ गळतोय. कॅमेरा एसआरजीबीवर, फाइलच्या नावातली रेघ गेली. ते फुकटचं अ‍ॅप काढून टाकलं, किंमत आता फोटोवर न लिहिता खाली लिहिते.

परत आलेल्या त्या साडीचाच जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवून साडी हातात घेऊन पाहिली. नवा साडीच्या इतका जवळ आहे की मी दोनदा खात्री केली. अगदी तसाच नाही. तिरक्या उजेडातली सोनेरी झाक एका फोटोत मावत नाही, त्यासाठी पदर हलवत आठ सेकंदांचा व्हिडिओ टाकते. वर्णनात लिहिलं, "भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलाचा रंग, उन्हात सोनेरी". ती साडी गेली. अमरावतीच्या मावशींनाही सांगून पाहिलं, फोनचा पिवळा पडदा काढून बघा म्हणून. त्या म्हणाल्या, मला पिवळंच बरं दिसतं. आता यावर काय बोलणार.

राणी काठ मात्र अजून जमत नाही. कोसा बरोबर येतो, काठ नुसता रंगाचा थापा. विणीतली रेघच दिसत नाही.

निवृत्त_छपाईवाला

लाल वाहिनी, म्हणजे ठिपक्यांतला लालचा आकडा, भरून सांडतेय. कॅमेऱ्यात नुसता पांढरा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघू नका, लाल-हिरवा-निळा वेगळा दाखवणारा लावा. लालचा डोंगर उजव्या भिंतीला चिकटलेला दिसेल. तिथे सगळे ठिपके २५५, मग वीण कुठून दिसणार? एक्स्पोजर (आत येणारा उजेड) दोन-तृतीयांश स्टॉप कमी करून पाहा. कोसा जरा काळवंडेल, तो नंतर उजळता येतो. सांडलेला लाल परत गोळा करता येत नाही. आणि काही राणी असे असतात की एसआरजीबीत बसतच नाहीत, तिथे हात टेका आणि "राणी" एवढंच लिहा.

सावजीप्रेमी

काका, धाग्याच्या सुरुवातीले मी लय शहाणपणा केला, माफी. पण आता तुमीच सांगा, माह्या मटनाच्या रस्स्यावरची तर्री फोटोत नुसता लाल गोळा होऊन राहिली. तेल वेगळं दिसत नाही, मसाला वेगळा दिसत नाही. हे बी तेच सांडणं का?

निवृत्त_छपाईवाला

तेच. ट्यूबलाइट बंद करा, ताट खिडकीपाशी न्या, एक्स्पोजर कमी करा. एकच फोटो काढा आणि जेवायला बसा, तर्री थिजली की तिला कोणतंच प्रोफाइल वाचवत नाही.